झटक्याच्या वेळी रक्त काय सांगतं

दम्याच्या झटक्यात ज्या आकड्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, तो रिपोर्टवर कधी ठळक छापून येत नाही. धमनीच्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब : ४० मिलिमीटर. छापील मर्यादा ३५ ते ४५, म्हणजे अगदी मधोमध. समोरचा माणूस मिनिटाला पस्तीस वेळा श्वास घेतोय, दोन्ही हात पलंगाच्या कडेवर रोवून, खांदे उचलून बसलाय, एका दमात चार शब्द त्याला बोलता येत नाहीत, आणि कागद म्हणतो की सारं ठीक आहे. मुलगा बाहेर जाऊन घरी फोन करतो, ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय.’ त्याच मिनिटाला ड्यूटीवरचा डॉक्टर आयसीयूत बेड रिकामा आहे का, ते विचारत असतो.

दोघांनीही एकच कागद वाचलेला असतो. त्या दोन वाचनांतलं अंतर कमी करणं, एवढ्याचसाठी ही पुस्तिका आहे.

झटका येतो तेव्हा श्वासनळ्या आवळतात, आतून सुजतात आणि चिकट कफाने बुजतात. पण सगळ्या सारख्याच नव्हे. फुप्फुसाच्या काही भागांत हवा पोचते, काही भागांत पोचत नाही, आणि रक्त मात्र दोन्हीकडून वाहत राहतं. त्यामुळे पहिल्यांदा घसरतो तो ऑक्सिजन. मेंदू घाबरून श्वासाचा वेग वाढवतो. कार्बन डायऑक्साइड हा बाहेर पडायला सोपा वायू. उघड्या राहिलेल्या भागांतून तो भराभर धुतला जातो. म्हणून झटक्याच्या सुरुवातीला त्याचा दाब ३० किंवा ३२ वर येतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होतं. श्वास इतका वेगात चाललाय, तर तो कमी असायलाच हवा. तास जातात, बरगड्यांमधले स्नायू दमतात, श्वास वेगवान राहतो पण उथळ होतो, आणि वायू पुन्हा साचू लागतो. ३० वरून ५५ कडे जाताना वाटेत ४० लागतंच. औषध लागू पडून ५५ वरून खाली येणाऱ्यालाही ४० लागतं. ग्वाल्हेर स्टेशनावर उभी गाडी नुसती बघून ती आग्र्याकडे निघालीय की झाशीकडे, हे सांगता येत नाही, तसंच हे. दिशा आकड्यात नसते. ती आधीच्या आकड्यात असते, आणि माणसाच्या चेहऱ्यावर असते.

१९६८ साली मॅकफॅडन आणि लायन्स या दोघा अमेरिकी डॉक्टरांनी झटका आलेल्या १०१ रुग्णांच्या धमनीतलं रक्त तपासून ही चढउतार नीट मांडली. श्वासनळ्या पराकोटीच्या आवळल्याशिवाय कार्बन डायऑक्साइड वाढत नाही, हे त्यातून दिसलं. ब्रिटिश छातीतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना आजही तोच धडा दोन पायऱ्यांत देतात : तीव्र झटक्यात हा दाब ‘नॉर्मल’ असणं जिवाला धोक्याचं लक्षण, आणि तो वाढलेला असणं त्याहून पुढची पायरी.

रक्तातला वायू चुकीचा वाचला तर काय होतं, याचा मोठा धडा दम्याने नव्हे, पोलिओने दिला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये साथ आली आणि ब्लेगडाम इस्पितळात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं एकामागून एक दाखल होऊ लागली. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण भरपूर भरत होतं. डॉक्टरांनी अर्थ लावला, की रक्त अल्कधर्मी झालंय, कारण अनाकलनीय. ब्यॉर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ. रोज गुंगीतल्या माणसाचा श्वास हाताने चालवणारे. ते म्हणाले, की गूढ काही नाही, मुलांना श्वास बाहेर टाकता येत नाहीये, वायू साचलाय. गळ्याला छेद देऊन नळी बसवली, रबरी पिशवी हाताने दाबून हवा दिली, आणि शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस ती पिशवी दाबली. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल ॲस्ट्रप यांनी याच निकडीतून रक्तातले वायू चटकन मोजायची पद्धत बसवली. १९५८ साली सेव्हरिंगहाउस यांनी कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारा इलेक्ट्रोड सुधारून दिला. आज आपल्याकडे ‘एबीजी’ म्हणून जी चिठ्ठी मशीनमधून बाहेर येते, तिचं कूळ हे असं आहे.

ही तपासणी कशी होते ते एकदा जवळून पाहिलं, की तिची भीती कमी होते. रक्त कोपराच्या शिरेतून नव्हे, मनगटाच्या धमनीतून घेतात, जिथे नाडी बघतात तिथेच. आधी दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबून मूठ आवळायला लावतात, मग एक सोडून तळहाताला पुन्हा लाली येते का ते पाहतात. हाताला दुसरीकडून रक्त मिळतंय याची खात्री. सिरिंजमध्ये आधीच हेपॅरिन असतं. सुई बरोबर लागली तर दांडा ओढावा लागत नाही, रक्त ठोक्याठोक्याने स्वतःच वर चढतं. हवेचा बुडबुडा राहिला तर तो लगेच काढून टोपी लावतात, नाहीतर बुडबुड्यातला ऑक्सिजन रक्तात मिसळून खोटा दिलासा देतो. मशीन लांब असेल तर सिरिंज बर्फात. मनगट पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं, आणि हे काम बहुधा नातेवाइकाच्या वाट्याला येतं. दुखतं, हे खरं. म्हणून सौम्य झटक्यात कुणी ती करू नये, आणि आता पुष्कळ ठिकाणी आधी शिरेतल्या रक्तावर भागवतात : शिरेतला कार्बन डायऑक्साइड ४५ च्या खाली असेल, तर धमनीत तो फार वाढलेला असण्याची शक्यता कमी.

‘पण बोटाला ऑक्सिमीटर आहे की!’ कोविडनंतर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या प्रत्येक घरात तो आहे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास त्याची कल्पना मांडली, आणि तिने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. ९२ च्या खाली गेलेला आकडा थेट इस्पितळाची वाट दाखवतो. परंतु ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. नाकाला ऑक्सिजन लावलेला माणूस ९८ दाखवत दाखवत गुंगीत जाऊ शकतो. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्याहून थोडा वरचा आकडा दाखवतं, हेही आता पुरेसं सिद्ध झालं आहे. आपण बहुतेक सावळेच. तेव्हा ९३ वर फार विसंबू नये.

आता पुस्तिका लिहायचं खरं कारण. ग्वाल्हेरमधली मराठी घरं कागद जपणारी. शिंदे की छावनीतून असो, दौलतगंजमधून असो की नई सडकेवरच्या एखाद्या वाड्यातून, रुग्ण येतो तेव्हा त्याच्याबरोबर कापडी पिशवीत एक जाडजूड फाइल येते. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि रिपोर्ट इंग्रजीत, अशी तिची अवस्था. तिच्यात आयजीई असतं, तेही तीन-तीन वेळा केलेलं. ईओसिनोफिल असतात. ॲलर्जीच्या पंचवीस पदार्थांचं पॅनेल असतं, ज्याच्या जोरावर बिचाऱ्या काकूंचं वांगं आणि दही बंद झालेलं असतं. आणि धाप लागलेल्या माणसाचा मुलगा ती फाइल पुढे करून विचारतो, ‘डॉक्टरसाहेब, आयजीई बाराशे आहे, म्हणजे सीरियस आहे ना?’

नाही. रक्ताला दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. एक : हा दमा कोणत्या जातीचा आहे? दुसरा : हा माणूस या घटकेला धोक्यापासून किती लांब आहे? आयजीई पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं, तेही अर्धंच. १९६६ च्या सुमारास इशिझाका पतिपत्नींनी अमेरिकेत आणि पाठोपाठ स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ते शोधलं, आणि ॲलर्जीचं शास्त्र त्याने पालटून टाकलं. पण बाराशे आयजीई असलेला मुलगा मैदानात क्रिकेट खेळत असतो आणि साठ आयजीई असलेल्या आजी व्हेंटिलेटरवर असतात. झटक्याच्या रात्री आयजीई करायला पाठवणं हा पैशाचा अपव्यय आहे, आणि हे मी संकोच न करता म्हणतो.

ईओसिनोफिलचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, म्हणूनच पुस्तिकेत त्याला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. पॉल अर्लिख यांनी १८७९ मध्ये इओसिन या रंगाने तांबूस दिसणाऱ्या या पेशी वेगळ्या ओळखल्या. दम्याशी त्यांचं नातं जुनंच; पण त्यांच्या मोजणीवर उपचार बेतता येतो, हे हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवलं : पेशी जितक्या जास्त तितका श्वास कोंडलेला, आणि स्टिरॉइड पुरेसं पडलं की पेशी उतरतात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपल्या गावात चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, टक्केवारी. एकूण पांढऱ्या पेशी ५,००० आणि ईओसिनोफिल ८ टक्के, म्हणजे ४००. एकूण १५,००० आणि ४ टक्के, म्हणजे ६००. दुसऱ्याच्या जास्त आहेत, पण घरचे पहिल्याची काळजी करतात, कारण कागदावर ८ दिसतं. ‘ॲब्सोल्यूट’ लिहिलेली ओळ वाचावी.

दुसरं, वेळ. या पेशी रात्री वाढतात आणि सकाळी उतरतात. संध्याकाळचा रिपोर्ट सकाळच्या रिपोर्टशी ताडून ‘फरक पडला’ म्हणण्यात अर्थ नाही.

तिसरं महत्त्वाचं, आणि यात सगळ्यांची फसगत होते. झटका आलेला माणूस मोठ्या इस्पितळात पोचण्याआधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन येतो. तिथे ‘डेक्सा’ आणि ‘डेरिफायलिन’ची सुई लागते. गैर काही नाही. डेक्सा हे स्टिरॉइड आहे आणि झटक्यात स्टिरॉइड लवकर मिळणं चांगलंच. पण स्टिरॉइडनंतर काही तासांत ईओसिनोफिल रक्तातून जवळजवळ नाहीसे होतात. मग रिपोर्टवर शून्य येतं, आणि कुणीतरी निष्कर्ष काढतो की हा ईओसिनोफिलचा दमा नाहीच. तो निष्कर्ष फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतो.

चौथं, जंत आणि इतर परोपजीवी. युरोपातल्या शोधनिबंधांत १५० किंवा ३०० पेशींची रेघ ओढलेली असते. आपल्याकडे उघड्यावरचं पाणी पिणाऱ्या, अनवाणी खेळणाऱ्या मुलांत ३०० सहज ओलांडले जातात, दमा नसतानाही. दुसऱ्या टोकाला हजारोंच्या घरात पेशी, रात्रीचा खोकला, छातीत शिटी, आणि दमा नाहीच, असा एक आजार भारतातच नीट ओळखला गेला. १९४३ मध्ये वेनगार्टन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याचं वर्णन करून त्याला ‘ट्रॉपिकल ईओसिनोफिलिया’ म्हटलं. पुढे तो फायलेरियाच्या जंतांवर शरीराने दिलेला अतिरेकी प्रतिसाद ठरला. त्याला इनहेलर पुरत नाही, वेगळं औषध लागतं. तीन हजारांच्या वरचा आकडा दिसला, की मी आधी माणूस कुठून आलाय, तेच विचारतो.

याउलट ईओसिनोफिल कमी, तरी झटका भयंकर, हेही आपल्या शहरात विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शहरांच्या हवेची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा ग्वाल्हेर पीएम २.५ च्या हिशेबात जगात दुसऱ्या क्रमांकावर होतं. वर्षाची सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. दिवाळीनंतर फटाक्यांचा धूर, धुकं, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शेकोट्या, आणि मे-जूनमध्ये आंधीची धूळ. धुराने, सर्दीच्या विषाणूने किंवा विडीने पेटलेल्या दम्यात पुष्कळदा न्यूट्रोफिल पुढे असतात. तिथे ईओसिनोफिलचा लहान आकडा झटका लहान असल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

न्यूट्रोफिल म्हटलं की अँटिबायोटिक आलंच. पांढऱ्या पेशी १६,००० दिसल्या की इन्फेक्शन, अशी समजूत पक्की आहे. पण स्टिरॉइड आणि नळ्या सैल करणारं सालब्युटामॉल ही दोन्ही औषधं रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी प्रवाहात सोडतात, आणि मोजणी वाढते. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर काढून झटक्याची तीव्रता सांगायचे प्रयत्न बरेच चालतात. रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीतूनच, म्हणजे सीबीसीतूनच, निघत असल्याने ते स्वस्तही आहे. माझं मत विचाराल तर त्यावर एकट्याने विसंबू नये, कारण तीच सुई त्यालाही हलवते. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन यांचा उपयोग जरा वेगळा : ती झटका किती मोठा हे फारसं सांगत नाहीत, पण अँटिबायोटिक नको म्हणायला धीर देतात.

लॅक्टेटबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण त्याच्यावर मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही. रुग्णाला एकामागून एक नेब्युलायझर दिले जातात. आपले लोक त्याला ‘भाप’ म्हणतात. छातीतली शिटी कमी होते, हवा जाऊ लागते, तरी श्वास मात्र वाढतच राहतो. साहजिकच आणखी भाप दिली जाते. श्वास आणखी वाढतो. कधी कधी याचं कारण दमा नसतो, औषध असतं. सालब्युटामॉलच्या मोठ्या मात्रांनी रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतं, आणि ते आम्ल बाहेर टाकायला शरीर जोराने श्वास घेतं. अशा वेळी एबीजीच्या चिठ्ठीवर लॅक्टेट ६ आणि कार्बन डायऑक्साइड २६ दिसला, तर उत्तर आणखी औषध नसून कमी औषध असतं. हाच लॅक्टेट न्यूमोनियाने खचलेल्या माणसात वेगळी आणि वाईट बातमी देतो.

पोटॅशियमचंही तेच. सालब्युटामॉल, स्टिरॉइड, थिओफिलिन, तिन्ही त्याला खाली ओढतात. ३.८ चं ३.० व्हायला एक रात्र पुरते, आणि हृदयाचे ठोके चुकायला त्याहून कमी. वयस्क माणसात, आधीच लघवीची गोळी चालू असेल तर, ही तपासणी विसरू नये. मॅग्नेशियमची पातळी मोजून फारसं काही कळत नाही. ती नॉर्मल असतानाही शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम नळ्या सैल करू शकतं. आणि सत्तरीच्या माणसाला पहिल्यांदाच ‘दमा’ झाला असेल, तर बीएनपीची तपासणी हृदयाकडे बोट दाखवू शकते.

झटक्याच्या वेळी घेतलेल्या रक्ताचं महत्त्व अलीकडे वाढलंय, त्याचं कारण २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमधून आलं. ज्यांचे ईओसिनोफिल झटक्याच्या वेळी ३०० किंवा त्याहून जास्त होते, अशा दम्याच्या आणि सीओपीडीच्या १५८ रुग्णांपैकी काहींना बेनरालिझुमॅबची सुई दिली गेली. नव्वद दिवसांत उपचार फसण्याचं प्रमाण नुसत्या प्रेडनिसोलोनवर ७४ टक्के होतं, या औषधाने ४५ टक्के. औषध महाग आहे, ग्वाल्हेरच्या सामान्य घराच्या हिशेबात बसणारं नाही. पण तात्पर्य फुकट घेता येतं : स्टिरॉइडची पहिली सुई टोचण्याआधी शक्य असेल तर सीबीसीची एक नळी भरून ठेवावी. दोन मिनिटांचं काम. शक्य नसेल, तर सुई आधी.

हे ‘सुई आधी’ मी पुस्तिकेत पुन्हा पुन्हा लिहिलंय. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त इथे होतात; पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांच्यासारखे लोक ही विषम वाटणी सतत निदर्शनास आणत आले आहेत. त्या मृत्यूंचं कारण एबीजी मशीनचा तुटवडा हे नव्हे. ‘पंपाची सवय लागेल’ म्हणून रोजचं इनहेलर न घेणं, सालब्युटामॉलच्या निळ्या पंपावर वर्षं काढणं, आणि झटक्याच्या रात्री उजाडायची वाट पाहणं, ही ती कारणं. ब्रिटनसारख्या देशातही २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत दम्याने गेलेल्यांपैकी ४५ टक्के लोक मदत न मागताच किंवा मदत पोचण्याआधी गेले होते. त्यांच्या रक्ताची तपासणी व्हायला ते इस्पितळात पोचलेच नाहीत.

१९४६ पासून आपल्या गावात गजराराजांच्या नावाचं मेडिकल कॉलेज आहे, जयारोग्य आणि कमलाराजा ही इस्पितळं आहेत. मुरारमधून असो की हजिऱ्यावरून, रात्री अकरा वाजता निघालं तर फार लांब नाहीत. निघताना फाइल शोधत बसू नये. निळा पंप स्पेसरमधून घेत निघावं.

फाइलमधलं एकच पान सोबत असलं तर खरा उपयोग होतो, आणि ते रक्ताचं नाही. तब्येत ठणठणीत असताना पीक फ्लो मीटरमध्ये फुंकलेला तुमचा सर्वांत चांगला आकडा. झटक्यात तुम्ही २०० फुंकलेत, तर ज्याचा चांगला आकडा २५० आहे त्याला बहुधा घरी पाठवता येईल आणि ज्याचा ६०० आहे त्याला नाही. नेमकं एक तृतीयांश. त्याच्या शेजारी ठेवल्यावर एबीजीतला ४० काय म्हणतोय, ते ड्यूटीवरच्या नवख्या डॉक्टरलाही कळतं. म्हणून या पुस्तिकेचं पहिलं पान कोरं ठेवलंय : पीक फ्लो, तारीख, आणि शेवटचं स्टिरॉइड कधी घेतलं ते. मीटर औषधाच्या दुकानात मिळतं. ते पान भरा, मगच पुढच्या प्रकरणांकडे वळा.